अक्काबाई आमच्याच घरची

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर एका बाईला वाजतगाजत मिरवून जाळतं, आणि पुढच्या आठवड्यात दोघींना हळदीकुंकवाच्या पावलांवरून घरात आणतं. पहिली मारबत, नंतरच्या दोघी महालक्ष्म्या, म्हणजे इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात त्या. माझं माहेर जागनाथ बुधवारीच्या बाजूचं आणि सासर महाल नावाच्या जुन्या वस्तीतलं, त्यामुळे एक सण माहेरचा, एक सासरचा. भाद्रपद लागला की माझ्या फेऱ्या इतवारी ते महाल सुरू होतात आणि ऑफिसात साहेबांचं तोंड वाकडं होतं. होऊ दे.

देवीबद्दल लिहायचं मनात आलं ते नवरात्रातल्या मेसेजमुळे. रोजचा साडीचा रंग, आणि सोबत ‘देवी म्हणजे करुणा, देवी म्हणजे सृजन, प्रत्येक स्त्रीत ती आहे’. वाचायला बरं वाटतं. पण माझ्या मायला आणि आज्जीला जी देवी ठाऊक होती ती अशी गोडगोड नव्हती. तिला त्या घाबरायच्या. ती लेकरू द्यायची आणि नेऊही शकायची. तिच्याशी बोलताना आवाज खाली असायचा. या धाकाच्या देवीला कुणी मेसेजमध्ये घेत नाही, म्हणून म्हटलं आपण घेऊ.

मारबत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद आणि कापड, वर रंग. एक काळी, एक पिवळी. पिवळी तेली समाजाची, जागनाथ बुधवारीतून निघते; काळी नेहरू पुतळ्याजवळून, इतवारीतून. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी ज्याचा राग असेल त्याचे पुतळे: महागाई, भ्रष्टाचार, डेंग्यू, काहीही. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि पोट्टे गळा फाटेस्तोवर ओरडतात, ‘ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ करोनाच्या वर्षी, 2020 मध्ये, नेमकी ही मिरवणूक निघाली नाही. रोगराई हाकलायची प्रथा रोगराईनंच बंद पाडली. माय तेव्हा खिडकीतूनच ओरडली होती.

पण ओरडण्याआधी ती काय करायची ते सांगायचं आहे. माझा धाकटा भाऊ लहानपणी सारखा आजारी. मारबत तयार होऊन दर्शनाला उभी राहिली की माय त्याला घेऊन जायची, नारळ द्यायची, त्याचं डोकं तिच्या पायाशी टेकवायची. आणि मिरवणुकीच्या दिवशी तीच माय तिला ‘घेऊन जा’ म्हणून हाकलायची. मी एकदा हसले. ‘काहून हासून राहिली वं? जाताना नेऊन राहिली ती आपलं दुखणं. तिचे पाय नको धरू?’ यावर मला उत्तर नव्हतं.

मारबत म्हणजे पूतना, असं आमच्याकडे सांगतात. कृष्णाला विष पाजायला आली, मेली, गोकुळाच्या लोकांनी तिला लांब नेऊन जाळलं. भागवताच्या दहाव्या स्कंधात ही गोष्ट आहे आणि तिचा शेवट फार लोक सांगत नाहीत. कुऱ्हाडींनी तुकडे करून पूतनेला जाळलं तेव्हा धुराला अगरूचा वास आला. विष लावून का होईना, तिनं कृष्णाला छातीशी धरून पाजलं होतं, म्हणून तिला आईची गती मिळाली. भागवतकारांनाही तिला नुसती राक्षसीण म्हणून सोडून देववलं नाही.

आणि भागवताच्या आधी पूतना वैद्यकात होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लहान मुलांना धरणारे नऊ ग्रह दिले आहेत. स्कंद, शकुनी, रेवती आणि त्यातच पूतना, शिवाय अंधपूतना आणि शीतपूतनाही. कोणत्या ग्रहानं धरलं तर काय लक्षणं, कोणता काढा, कोणता धूप, कोणता बळी, सगळं रीतसर. शेवटी प्रार्थना: मळकी वस्त्रं नेसलेली, केस कोरडे पडलेली, ओसाड घरात राहणारी ती पूतना देवी या लेकराला सांभाळो. पूतना देवी! जिनं पोर धरलंय तिलाच ‘सांभाळ’ म्हणायचं. माझ्या मायनं सुश्रुताचं नावही ऐकलेलं नाही.

महाभारताच्या सभापर्वातली ‘जरा’ही अशीच. मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं मूल झालं, दोन्ही तुकडे चव्हाट्यावर टाकले, आणि जरा नावाच्या राक्षसिणीनं ते जोडले. तोच जरासंध. पोर खाणारी जात, पण तिनं ते राजाला आणून दिलं, आणि राजानं मगधात तिच्या नावाचा उत्सव लावला. घरोघरी भिंतीवर लेकरांसह तिचं चित्र काढावं, घर भरलेलं राहतं, असंही तिथं येतं. सटवाई तिच्या गणगोतातलीच म्हणायची. बाळाच्या पाचव्या रात्री तिची पूजा मांडतो आणि कपाळावर काय लिहील म्हणून जीव मुठीत धरतो.

हारीतीची गोष्ट मात्र मला सगळ्यात आवडते. ही पाचशे पोरांची आई, आणि दुसऱ्यांची पोरं खायची. बुद्धानं तिचं धाकटं पोर भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेडीपिशी होऊन शोधत आली तेव्हा तो म्हणाला, तुला पाचशे आहेत आणि एकासाठी इतकी रडतेस, ज्यांचं एकच होतं त्यांचं काय? ती थांबली. बदल्यात विहारांमध्ये तिला रोज अन्न मिळेल असं ठरलं. सातव्या शतकात इ-त्सिंग नावाचा चिनी भिक्षू भारतात आला, त्यानं लिहून ठेवलंय की विहारांच्या ओसरीत नाहीतर भोजनगृहाच्या कोपऱ्यात हारीतीची मूर्ती असते आणि रोज तिच्यापुढे ताट ठेवतात. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात ती नवऱ्यासह, पांचिकासह, बसलेली आहे. आम्ही गेलो तेव्हा सगळे पद्मपाणी बघायला एक नंबरात गर्दी करून होते. मी हारीतीपुढे उभी. तिच्या पायाखालच्या पट्टीत शाळेतली पोरं कोरली आहेत, आणि छडी घेतलेला पंतोजीही.

ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीला मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती नागपुरातल्याच इंदोऱ्याची. तिची आजी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होती. बावीस प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपती मानणार नाही असं स्पष्ट आहे आणि त्यांच्या घरात ते तसंच पाळलं जातं. ऐकून घेतलं तिनं, डबा बंद केला आणि म्हणाली, ‘म्हणजे पोट्टे खाणारीला बुद्धानं समजावलं आणि तुम्ही जाळून राहिले.’ मग वर, ‘तुमच्या महालक्ष्म्या दुपारी जेवतात. तू किती वाजता जेवतेस ते सांग.’ साडेचार-पाच होतात. मी सांगितलं नाही, पण तिला माहीत आहे.

काळ्या मारबतीची गोष्ट पुराणातली नाही, आमच्या गावची आहे. ती बाकाबाईंची म्हणतात, आणि 1881 पासून निघते असं सांगतात. पिवळी 1885 पासून. बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. 1816 मध्ये रघुजी गेले, पुढच्या वर्षी सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेबांना इंग्रजांनी गादीवरून काढलं आणि लहानग्या तिसऱ्या रघुजींना बसवलं. कारभार रेसिडेंट जेंकिन्सचा, वाड्यात शब्द बाकाबाईंचा. 1853 मध्ये तिसरे रघुजी वारस नसताना गेले आणि 1854 मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. 1857 च्या उठावात बाकाबाई इंग्रजांच्या बाजूनं राहिल्या, हा त्यांच्यावरचा आरोप. 1858 मध्ये त्या वारल्या. मरून वीसेक वर्षं झाल्यावर त्यांचा पुतळा रस्त्यावर आला तो अजून येतोच आहे. इंग्रजांशी जुळवून घेतलेले सरदार-संस्थानिक त्या काळात पैशाला पासरी होते. राज्य गिळलं डलहौसीनं. जळते बाकाबाई. माझ्या माहेरच्यांना हे बोललेलं आवडत नाही, पण मला दर वर्षी ते खुपतं.

इथून रामटेककडे निघालं की नगरधन लागतं, वाकाटक राजांची जुनी राजधानी नंदिवर्धन. तिथंही एका राणीनं मुलाच्या नावानं राज्य चालवलं होतं, चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास. प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा लवकर गेला, आणि पुण्याच्या ताम्रपटात तिच्या कारभाराचं तेरावं वर्ष नोंदलेलं आहे. अलीकडच्या उत्खननात नगरधनला तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. तिला कुणी जाळत नाही, पूजतही नाही. रामटेकला जाणाऱ्या बसमधल्या किती जणांना तिचं नाव माहीत असेल कुणास ठाऊक.

आज्जीच्या गावाला, काटोलकडे, शिवेवर कडुलिंबाखाली मातामाय आहे. नाक-डोळे काही नाहीत, शेंदूर लावलेला दगड. विदर्भातल्या कुठल्याही गावात अशी मातामाय सापडेल. आज्जीच्या लहानपणी ‘माता’ येणं म्हणजे अंगावर देवी येणं. घराला लिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, शेजारीपाजारी कुजबुजत. रोग्याच्या अंगात साक्षात ती आलेली असते, मग तिच्यापुढे मोठ्यानं बोलायचं कसं? भारतात देवीच्या रोगाचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये. लसीनं रोग गेला, मातामाय राहिली. आज्जीच्या दंडावर लसीचा वण होता आणि ती मातामायला दहीभातही न्यायची. तिला त्यात काही विसंगत वाटलं नाही. मलाही वाटत नाही.

असाच एक बिनचेहऱ्याचा दगड मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यात मिळाला, सीधी जिल्ह्यात बाघोरला. 1980 च्या सुमारास अलाहाबाद विद्यापीठाचे जी. आर. शर्मा आणि बर्कलीचे डेस्मंड क्लार्क तिथं खणत होते. दगडगोट्यांचा गोल ओटा, आणि मधोमध एकात एक त्रिकोणी पट्टे असलेला एक रंगीत दगड. ते पट्टे निसर्गानं केलेले. माणसानं फक्त निवडून आणून मांडला. अंदाजे अकरा हजार वर्षांपूर्वी. आसपासच्या कोल आणि बैगा लोकांच्या ठाण्यांवर आजही तसेच त्रिकोणी दगड आहेत आणि त्यांना ते माई म्हणतात. अकरा हजार वर्षं एकच पूजा अखंड चालली, असं मी म्हणणार नाही. मधला धागा हातात नाही. पूर्वी सगळीकडे बायकांचंच राज्य होतं, मग पुरुषांनी हिसकावलं, ही गोष्ट तर मला मुळीच पटत नाही. मातीच्या मूर्ती सापडल्या म्हणून घरात बाईचं चालत होतं असं होत नाही. आमच्या महालात देव्हारे कमी आहेत का?

घोडनदीच्या काठी इनामगावला, पुणे जिल्ह्यात, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या घरात जमिनीखाली मातीची पेटी निघाली. सोबत मातीचा बैल आणि बिनशिराची बाई. आणि आमच्या माहूरला रेणुकेचं नुसतं मुखच आहे, धड नाही. परशुरामानं आईचं शिर उडवलं ती कथा तुम्हाला माहीतच आहे. तिथं धड, इथं शिर. यातून सिद्धांत काढायला मी कुणी पंडित नाही, पण माहूरच्या पायऱ्या चढताना हे डोक्यात येतंच. आणि आमच्या महालक्ष्म्या तरी काय? वर्षभर पितळेचे मुखवटे कपाटात, पत्र्याची धडं माळ्यावर. भाद्रपदात धडांत गहू-तांदूळ भरायचे, साडी नेसवायची, वर मुखवटा चढवायचा.

या दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा होते म्हणून ज्येष्ठागौरी, असं पंचांगवाले सांगतात. आमच्या सासूबाई वेगळं सांगतात: थोरली म्हणजे अक्काबाई. हो, ‘अक्काबाईचा फेरा’ म्हणतो तीच. अलक्ष्मी.

आणि या थोरलीचा इतिहास काढला की मजा येते. श्रीसूक्तात सरळ आहे, ‘क्षुत्पिपासामलां ज्येष्ठामलक्ष्मीं नाशयाम्यहम्’. भुकेली, तहानलेली, मळकी थोरली, तिचा मी नाश करतो. समुद्रमंथनात लक्ष्मीच्या आधी ती वर आली, असं पुराण सांगतं. तमिळ देशात एके काळी तिची जोरात पूजा होती. कांचीच्या कैलासनाथ देवळात, पल्लवांच्या आठव्या शतकातल्या, ती आहे. कावळ्याचं निशाण, गाढव वाहन, हाती केरसुणी. पुढे पूजा मागे पडली आणि तिच्या मूर्ती देवळाबाहेर पडल्या. आता शीतलामाता आठवा: गाढव, सूप, केरसुणी. आणि दिवाळीत आम्ही लक्ष्मी म्हणून नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू लावतो, आणि कित्येक घरांत त्याच मध्यरात्री सूप बडवून अलक्ष्मीला दाराबाहेर काढतात. केरसुणी थोरलीची की धाकटीची, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. तमिळ देशात जी देवळाबाहेर पडली ती आमच्याकडे धाकट्या बहिणीच्या शेजारी बसून पुरणपोळी खाते.

मी सासूबाईंना विचारलं होतं, आई, श्रीसूक्तात हिचा नाश करा म्हणतो, आणि तीन दिवस हिलाच पाटावर बसवतो, हे कसं? त्या पडवळ चिरत होत्या. ‘मोठी आहे ती. घरात लग्नकार्य निघालं आणि थोरल्या नणंदेला बोलावलं नाही तर ती काय करते ते तू पाहिलंयस.’ पाहिलंय. त्यावर काय बोलणार.

कोराडीच्या जगदंबेला मी जाते, नवरात्रात नाही, गर्दी नसताना. सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी वयस्क दिसते म्हणतात. मला संध्याकाळचीच बरी वाटते. मागे वीज केंद्राच्या चिमण्या. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते परत कधी.

सासरे गेल्यापासून सासूबाई महालक्ष्म्यांच्या दिवशी पुढच्या खोलीत येत नाहीत. सोळा भाज्यांची यादी त्यांच्या डोक्यात, आंबील कशी आंबवायची, फुलोऱ्याला काय काय तळून टांगायचं, कोणती साडी कुणाला, सगळं त्यांचं. पण ओटी सवाष्णीनं भरायची, मुखवटे सवाष्णींनी आणायचे, म्हणून त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून आतून सूचना देतात. अक्काबाई चालते, तिच्या पायाखाली कुंकवाची पावलं काढतो, आणि तिला चाळीस वर्षं जेवू घालणारी बाई चालत नाही. हे मी त्यांना तोंडावर बोलले. ‘शास्त्र आहे,’ म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, ‘आणि लोक?’ मी म्हटलं लोक जेवून जातात, भांडी आपण घासतो.

यंदा ज्येष्ठेचा मुखवटा आईंनीच आणावा असं मी सुचवलं आहे. ह्यांचं म्हणणं, तुम्ही बायकांनी ठरवा. धाकट्या जाऊबाईंना ते पटलेलं नाही. त्यांच्या मुलीचं लग्न जमायचंय, विषाची परीक्षा कशाला, असं त्या म्हणतात. आई हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. काल मात्र त्यांनी कपाटातून मुखवटे काढून ठेवले आणि थोरलीच्या नथीचा फासा सैल झालाय, सोनाराकडे टाकून ये, म्हणून मला पिशवी दिली. इतवारीत जायचंच आहे, मारबतीच्या आदल्या दिवशी टाकेन.